स्वतः बांधलेली स्पोर्ट्‌स कार : नंबर, सांगाडा आणि गॅरेज

नमस्कार,

वागळे इस्टेटमधल्या आमच्या वर्कशॉपवर दर थोड्या दिवसांनी कोणीतरी मोबाइलमधलं एक चित्र घेऊन येतं. लांब नाक, उघडी चाकं, दोघांपुरती जागा, वर छप्पर नाही. "अशी गाडी घरी बांधतोय. सांगाडा तुम्ही करून द्याल का?" आम्ही आनंदाने हो म्हणतो, कारण आमचाही जीव याच कामात रमतो. मात्र पाइपला करवत लावण्याआधी आम्ही एक प्रश्न विचारतो : गाडी चालवणार कुठे? इंजिन कोणतं, ब्रेक कसे, गाडी ठेवायची कुठे, हे सगळं या उत्तरावर ठरतं. तुम्ही घरच्यांशी बसून नीट विचार करावा आणि मगच पैसे खर्च करावेत, म्हणून हे पत्रक.

नंबर मिळेल का?

सगळे हा प्रश्न शेवटी विचारतात. आम्ही तो आधी घेतो.

चित्रातली गाडी बहुतेक वेळा मूळची इंग्लंडची असते. कॉलिन चॅपमन यांच्या लोटस कंपनीने १९५७ साली 'सेव्हन' ही हलकी गाडी आणली आणि ती सुट्या भागांच्या संचातही विकली. तयार गाडीवर तिथे जो खरेदीकर लागे, तो सुट्या भागांवर लागत नसे. त्यामुळे लोक घरच्या शेडमध्ये गाडी जोडू लागले. १९७३ मध्ये या गाडीचे हक्क केटरहॅमकडे गेले आणि ती आजही बनते. तिथे एकट्यादुकट्या गाडीची तपासणी करून तिला रस्त्यावर येऊ देणारी सरकारी व्यवस्था आहे. इंटरनेटवरचे नकाशे आणि व्हिडिओ त्या व्यवस्थेच्या भरवशावर केलेले असतात.

आपल्याकडचा नियम वेगळा आहे. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधल्या नियम १२६ प्रमाणे गाडीच्या नमुन्याची मान्यताप्राप्त संस्थेत चाचणी होऊन तो मंजूर व्हावा लागतो. पुण्याची एआरएआय ही अशीच एक संस्था. नमुना पास झाल्यावर उत्पादक प्रत्येक गाडीसोबत फॉर्म २२, म्हणजे गाडी रस्त्यायोग्य असल्याचा दाखला देतो. तो दाखला नसेल तर ठाण्याचा एमएच-०४ असो की वाशीचा एमएच-४३, नंबर मिळत नाही. प्रदूषण, ब्रेक, दिवे, सीटबेल्टचे अँकर अशा एकेक चाचणीचा खर्च हजारो गाड्या विकणाऱ्या कंपनीला परवडतो. एका गाडीसाठी तो झेपणारा नाही. आणि १ एप्रिल २०२० पासून नव्या गाडीला प्रदूषणाचं बीएस-६ मानक लागू आहे, म्हणजे जुन्या गाडीतून काढलेलं इंजिन तिथेच अडतं.

मग दुसरी मागणी येते. "माझ्याकडे जुनी मारुती आहे, आरसी बुक चालू आहे. तिचा नंबर नव्या सांगाड्याला लावून द्या." हे काम आम्ही करत नाही आणि यापुढेही करणार नाही. आरसीवरचा चेसिस नंबर त्या मूळ गाडीच्या बॉडीवर ठोकलेला असतो. तो कापून दुसरीकडे जोडणं किंवा नव्या पाइपवर पंच करणं हा सरळ गुन्हा आहे. मोटार वाहन कायदा, १९८८ चं कलम ५२ मालकाला मूळ तपशिलाशी विसंगत बदल करू देत नाही, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हेच स्पष्ट केलं. कलम १८२-अ प्रमाणे बेकायदा बदलासाठी मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद, प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड, किंवा दोन्ही होऊ शकतं. दंड एकदाचा भरता येईल, पण अशा गाडीने कोणाला धडक दिली तर विमा कंपनी हात वर करेल. समोरच्या घरातला कमावता माणूस गेला तर भरपाई तुमच्या खिशातून जाईल. ग्राहक रागावून गेले तरी चालतील, आम्ही यात पडत नाही.

नंबर नसलेली गाडी "फक्त येऊरच्या पायथ्यापर्यंत" किंवा "पहाटे घोडबंदर रोडला एक चक्कर" म्हणूनही काढू नका. नोंदणीशिवाय रस्त्यावर आणल्यास कलम १९२ प्रमाणे पहिल्या वेळी दोन ते पाच हजार रुपये दंड आहे आणि दुसऱ्या वेळी कैदही होऊ शकते. गाडी हलवायची असेल तर फ्लॅटबेडवर चढवा. दोरी बांधून टोचन केलं तरी चाकं रस्त्यावरच फिरतात.

मग प्रामाणिक वाटा कोणत्या?

पहिली वाट, गाडी ट्रॅकसाठीच बांधायची. कोइंबतूरचा करी मोटर स्पीडवे आणि चेन्नईजवळचा मद्रास सर्किट दोन्ही इथून हजार किलोमीटरच्या पुढे आहेत. म्हणजे वर्षातून दोन-तीन वेळा गाडी ट्रकवर जाईल आणि त्याचा खर्च हिशोबात धरायला हवा. स्पर्धेत उतरायचं तर एफएमएससीआय या राष्ट्रीय महासंघाचा परवाना लागतो. ज्या स्पर्धेत जायचं आहे तिची नियमावली सांगाडा आखण्याआधी वाचा. रोल बारच्या, म्हणजे गाडी उलटल्यास डोकं वाचवणाऱ्या कमानीच्या, पाइपचा व्यास आणि जाडी नंतर बदलता येत नाही.

दुसरी वाट आम्हाला मनापासून आवडते : नोंदणी असलेली जुनी गाडी मूळ रूपात परत उभी करणं. गोव्याच्या सॅन मोटर्सने 'स्टॉर्म' ही दोन आसनी गाडी बनवली होती, रेनोचं ११४९ सीसी इंजिन आणि फायबरची बॉडी. अलिबागजवळच्या चिंकारा मोटर्सने सेव्हनच्याच धर्तीवर रोडस्टर केली, तिच्यात इसुझूचं १.८ लिटरचं इंजिन. यातली एखादी चालू आरसीसह मिळाली तर ती सोडू नका. स्टँडर्ड हेराल्डही हाताने करायला छान गाडी आहे, कारण तिची बॉडी वेगळ्या चेसिसवर बसते आणि पूर्ण सोडवता येते. मात्र बॉडी काढून त्या चेसिसवर स्पोर्ट्‌स कार बसवली, तर पुन्हा कलम ५२ मध्ये अडकाल.

पन्नास वर्षांपेक्षा जुन्या गाडीला २०२१ च्या नियमांनुसार 'व्हीए' मालिकेतला विंटेज नंबर मिळतो. नव्या नोंदणीचं शुल्क २०,००० रुपये, मुदत दहा वर्षं, पुढच्या नोंदणीला ५,००० रुपये. चेसिस, बॉडी आणि इंजिनात मोठा फेरफार केलेला नसावा, आणि ती गाडी रोजच्या वापरासाठी नाही.

सांगाडा

इथून पुढचं ट्रॅकच्या गाडीबद्दल.

सेव्हनच्या पद्धतीचा सांगाडा २५ बाय २५ मिलिमीटरच्या चौकोनी पोलादी पाइपचा असतो, जाडी १६ गेज, म्हणजे साधारण १.६ मिलिमीटर. खिडक्यांच्या ग्रिलसाठी बाजारात जो पातळ पाइप मिळतो, तो दिसायला तसाच असतो. दुकानदारावर विसंबू नका, टोकाला व्हर्नियर लावून मोजा. गॅल्व्हनाइज्ड पाइप तर नकोच. वेल्डिंग करताना जस्ताचा धूर छातीत जातो आणि जोडही भुसभुशीत होतो.

ताकद पाइपच्या जाडीपेक्षा त्रिकोणांतून येते. चौकोन दाबला की कलतो, त्रिकोण कलत नाही. म्हणून इंजिनाच्या खोबणीत आणि बसायच्या जागेभोवती तिरके पाइप येतात, आणि नेमके तेच "पाय अडतो" म्हणून लोक कापायला सांगतात. तसा पाइप कापायचा असेल तर आम्ही आधी भार कुठून जाणार ते कागदावर काढून दाखवतो.

काम सपाट टेबलावर होतं. पाणसळ लावून टेबल समपातळीत आणायचं, मधली रेघ मारायची, प्रत्येक कोपऱ्याला गुण्या लावायचा, आधी सगळीकडे नुसते टॅक, म्हणजे वेल्डिंगचे छोटे ठिपके, मारायचे. मग दोन्ही कर्ण मोजायचे. पूर्ण वेल्डिंग एका बाजूने सलग केलं तर उष्णतेने सांगाडा केळ्यासारखा वाकतो. म्हणून पुढचा डावा, मागचा उजवा, असं फिरत फिरत करायचं. सस्पेन्शनच्या कानांची, म्हणजे त्याचे दांडे जिथे बोल्टने अडकतात त्या पट्ट्यांची, जागा डावी-उजवीकडे दोन मिलिमीटरने जरी चुकली तरी गाडी सरळ रस्त्यावर एका बाजूला ओढते, आणि मग व्हील अलाइनमेंटवाला काहीही करू शकत नाही.

मागे एक ग्राहक ग्रिलवाल्याकडून केलेला सांगाडा घेऊन आले होते. वेल्डिंग बाहेरून सुरेख दिसत होतं, ग्राइंडर मारून गुळगुळीत केलेलं. पण त्या गुळगुळीतपणातच जोडाचा अर्धा धातू निघून गेला होता. जॅक लावताच दोन जोड उघडले. तो सांगाडा आम्ही कापून पुन्हा बांधला. वेल्डिंगचा जोड उठलेला दिसला तर तो तसाच राहू द्या.

इंजिन आणि ब्रेक

पुढे इंजिन आणि मागच्या चाकांना ताकद हवी असेल तर मारुती जिप्सीचं १.३ लिटरचं इंजिन बरं पडतं, कारण ते मुळातच लांबीत बसवलेलं असतं. नंतरच्या एमपीएफआय (इंधन इंजेक्शनवाल्या) जिप्सीत ते ८० अश्वशक्ती देतं. गाडी माणसासकट सहाशे किलोत बसवली तर टनामागे सव्वाशेच्या वर अश्वशक्ती होते. आकडा छोटा वाटेल, पण जमिनीपासून वीतभर उंचीवर बसलं की तो पुरून उरतो.

इंजिन पाठीमागे हवं असेल तर पुढच्या चाकांवर चालणाऱ्या गाडीचा पूर्ण पॉवरपॅक, म्हणजे इंजिन, गिअरबॉक्स आणि शाफ्ट, उचलून तसाच मागे ठेवतात. फियाटने १९७२ च्या एक्स-१/९ मध्ये हीच युक्ती केली. तोंड मूळ दिशेलाच ठेवा. उलटं फिरवलं तर पुढे जायला एक गिअर आणि मागे जायला चार अशी गत होईल. केबलवर चालणारा गिअरबॉक्स निवडा, दांड्यांचा मागे नेताना फार त्रास होतो. पुढच्या रेडिएटरपासून मागच्या इंजिनापर्यंत पाण्याचे लांब पाइप जातात, त्यात हवा अडकते. आमच्या पहिल्या अशा गाडीचं हेड गॅस्केट, म्हणजे इंजिनाच्या हेडखालचं सील, त्यामुळेच गेलं. तेव्हापासून सर्वांत उंच जागी हवा काढायचा स्क्रू बसवल्याशिवाय आम्ही इंजिन सुरू करत नाही.

ब्रेकच्या बाबतीत आम्ही कुठलीही तडजोड करत नाही. ज्या गाडीचे ब्रेक तुम्ही वापरणार, तिचं वजन पुढे जास्त होतं. तुमच्या गाडीत ते मागे गेलं की ब्रेकचा दाब वाटणारा जुना व्हॉल्व्ह मागच्या चाकांना चुकीचा दाब देतो. मागची चाकं आधी जाम झाली तर गाडी गर्रकन फिरते. म्हणून पुढच्या-मागच्या चाकांना वेगळे मास्टर सिलिंडर (ब्रेकचा दाब तयार करणारे पंप) आणि मध्ये बॅलन्स बार, म्हणजे पेडलचा जोर पुढे-मागे वाटणारा दांडा, लावतो. चारही चाकांखाली काटा ठेवून वजन घेतो आणि बंद आवारात, हळू वेगात, पुढची चाकं आधी जाम होतात याची खात्री करून मगच गाडी देतो.

कुर्ल्याच्या सीएसटी रोडवरून किंवा भंगारवाल्याकडून इंजिन घेतलंत तर बिल घ्या, त्यावर इंजिन नंबर लिहून घ्या आणि मूळ गाडीच्या आरसीची प्रत मागा. कागद नसलेलं इंजिन आम्ही बसवत नाही. तुमचीच जुनी गाडी मोडणार असाल तर मोटार वाहन कायद्याच्या कलम ५५ प्रमाणे चौदा दिवसांत आरटीओला कळवून तिची नोंदणी रद्द करून घ्या.

गॅरेज

बांधणीची वर्षं आणि पुढचा सगळा पावसाळा गाडी कुठे राहणार?

सोसायटीची स्टिल्टखालची जागा यासाठी योग्य नाही. ती सामायिक जागा असते. स्टिल्टमधली जागा बिल्डर 'गॅरेज' म्हणून वेगळी विकू शकत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्येच सांगितलं आहे. शेजाऱ्यांच्या गाड्यांमध्ये वेल्डिंगच्या ठिणग्या उडवणं तर धोक्याचंच. नेरुळ, वाशीकडे सिडकोचं रो-हाउस असेल तर पुढच्या अंगणात तयार गाडी ठेवता येईल, पण पत्रा टाकून शेड करण्याआधी महापालिकेची परवानगी पाहा. बांधणीसाठी रबाळे, महापे किंवा वागळे इस्टेटमध्ये भागीदारीत छोटा गाळा घेतलेला बरा. लांबी पाच मीटर पुरते, रुंदी मात्र साडेतीनच्या खाली नको, नाहीतर दार उघडून पाना फिरवायलाही जागा राहत नाही.

आपल्याकडे गंज हा खरा शत्रू. खाडीची खारट हवा आणि चार महिने ओल. उघड्या पाइपला गंज आतून लागतो, म्हणून पाइपची टोकं बंद करून आत मेण फवारून घ्या आणि बाहेरून इपॉक्सी प्रायमर द्या. अॅल्युमिनियमचा पत्रा पोलादाला थेट रिव्हेट केला तर सांध्याजवळ पांढरी भुकटी धरते, मध्ये सीलंटचा थर हवाच. झाकण म्हणून निळी ताडपत्री वापरू नका. तिच्या आत घाम धरतो. श्वास घेणारं कापडी कव्हर घ्या.

वाशी, नेरुळचा बराच भाग भरतीच्या पाण्याच्या पातळीखाली आहे. जोरदार पाऊस आणि मोठी भरती एकाच वेळी आली की होल्डिंग पॉण्डचे, म्हणजे पावसाचं पाणी साठवणाऱ्या तळ्यांचे, दरवाजे बंद राहतात आणि पाणी तुंबतं. ठाण्याच्या सखल भागातही हीच तऱ्हा. तुमची गाडी जमिनीला टेकलेली असते हे लक्षात ठेवून जूनच्या आधी ती चार स्टँडवर फूटभर उचला.

पंपावरच्या पेट्रोलमध्ये आता २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं आणि इथेनॉल पाणी ओढतं. दोन-तीन महिने उभ्या गाडीत ते पाणी खाली बसून टाकी गंजवतं. गाडी पावसाळ्यापुरती ठेवताना टाकी आणि कार्बुरेटर पूर्ण रिकामे करा, आणि जुन्या रबरी नळ्या इथेनॉल सोसणाऱ्या घाला. काढलेलं पेट्रोल साठवून ठेवू नका. विनापरवाना साठ्याची मर्यादा तीस लिटर आहे, पण घरात पाच लिटरही जास्तच.

हँडब्रेक ओढून ठेवू नका, पॅड डिस्कला चिकटतात. चाकाला लाकडी ठोकळा लावा. बॅटरीचं टर्मिनल काढा. सायलेन्सरच्या तोंडाला जाळी बसवा, उंदरांना ती जागा फार आवडते. आठवड्याला दोन मिनिटं इंजिन चालवायची सवय मोडा : तेवढ्यात ते तापत नाही आणि सायलेन्सरमध्ये पाणी साचतं. चालवायचंच तर पूर्ण तापेपर्यंत चालवा, आणि शटर सताड उघडं ठेवून. बंद गाळ्यातल्या धुराने माणूस बेशुद्ध होतो तेव्हा त्याला कळतही नाही.

आमच्याकडे येताना

पहिल्या भेटीचे पैसे नाहीत. बसून चालवणाऱ्या माणसाची उंची आणि कंबरेपासून तळपायापर्यंतचं माप आणा, कारण सांगाडा माणसाभोवती बांधायचा असतो. इंजिन घेतलं असेल तर त्याचे कागद, गाळ्याच्या दाराची रुंदी आणि स्पर्धेची नियमावली सोबत असू द्या. कामाचे तीन टप्पे असतात : सांगाडा, सस्पेन्शन-ब्रेक, इंजिन. प्रत्येक टप्प्याचे पैसे वेगळे, आणि टप्पा संपल्यावर गाडी घेऊन जाऊन पुढचं काम घरी केलं तरी आमची हरकत नाही. फक्त ब्रेकचं काम स्वतः केलं असेल, तर पहिल्यांदा चालवण्याआधी एकदा आमच्या टेबलावर आणा. ती तपासणी आम्ही फुकट करतो.