रेस्क्यू डिस्कमधील वाचनदोष

बॅकअप सॉफ्टवेअरसोबत मिळणारी किंवा त्याच्याकडून बनवून घेतलेली सीडी अथवा डीव्हीडी, जिच्यावरून हार्ड डिस्कवरची विंडोज सुरू न करताच संगणक चालू करता येतो, तिला रेस्क्यू डिस्क म्हणतात. संपूर्ण हार्ड डिस्कची इमेज (हुबेहूब प्रत) परत बसवताना ती हार्ड डिस्क वापरात असून चालत नाही, म्हणून ही सोय. ही डिस्क वाचताना काही अडले की ‘सीडी खराब आहे’ असे म्हणून दुसरी बर्न केली जाते आणि बऱ्याचदा तीही तशीच अडते. कारण बूट होताना, म्हणजे संगणक सुरू होताना, डिस्क वाचणारा कार्यक्रम एकच नसतो. आधी फर्मवेअर (संगणकातच बसवलेला सुरुवातीचा कार्यक्रम), मग बूटलोडर (कर्नल सुरू करून देणारा छोटा कार्यक्रम) आणि शेवटी कर्नल (ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा) अशी पाळी असते. तक्रार यांपैकी कोणी केली, हे आधी ओळखावे लागते.

सीडीवरून बूट करण्याची पद्धत ‘एल टोरिटो’ या नावाने फिनिक्स आणि आयबीएम यांनी १९९५ मध्ये ठरवली. डेटा सीडीचा एक सेक्टर २,०४८ बाइटांचा असतो. शून्यापासून मोजल्यास १७ व्या सेक्टरमध्ये बूटची नोंद असते, तिच्यात बूट कॅटलॉगचा पत्ता आणि कॅटलॉगमध्ये बूटलोडरचा. आयएसओ फाइल (अख्ख्या सीडीची प्रत असलेली एक फाइल) इमेज म्हणून बर्न न करता नुसती कॉपी केली असेल, तर ही नोंद नसतेच. सीडी उघडल्यावर आत एकच मोठी .आयएसओ फाइल दिसली की समजावे.

सर्वांत फसवा संदेश ‘ए डिस्क रीड एरर ऑकर्ड’ हा आहे. त्याखाली कंट्रोल-ऑल्ट-डिलीट दाबायला सांगितलेले असते. तो सीडीचा नसतोच. हार्ड डिस्कवरच्या एनटीएफएस (विंडोजची फाइल-पद्धत) विभागाच्या बूट सेक्टरमधून तो येतो. म्हणजे फर्मवेअर सीडी ओलांडून हार्ड डिस्ककडे गेले आहे, आणि तिथेही वाचन अडले आहे. अशा वेळी बूटचा क्रम बदलावा किंवा सुरुवातीलाच बूट मेनू उघडून सीडीचा ड्राइव्ह निवडावा. विंडोजवर आधारित डिस्क ‘कोणतेही बटण दाबा’ असे सांगून काही सेकंदच थांबते, ते चुकले तरी परिणाम हाच. नव्या संगणकांत सिक्युअर बूट या सुरक्षा-सोयीला डिजिटल सही नसलेला बूटलोडर चालत नाही. तो वाचनदोष नव्हे.

‘आयसोलिनक्स: इमेज चेकसम एरर’ असे आले तर आयसोलिनक्स हा बूटलोडर सापडला, पण त्याने स्वतःची फाइल तपासली तेव्हा पडताळणीची बेरीज (चेकसम) जुळली नाही. इथे संशय डिस्कवर, ड्राइव्हवर किंवा रॅमवर घ्यावा. उतरवलेल्या आयएसओची एसएचए-२५६ बेरीज (फाइलच्या मजकुरावरून काढलेला पडताळणीचा आकडा) निर्मात्याने दिलेल्या बेरजेशी पडताळणे हे पहिले काम, कारण मूळ फाइलच अर्धवट असेल तर कितीही सीड्या बर्न केल्या तरी व्यर्थ.

कर्नल सुरू झाल्यावर तो फर्मवेअरच्या मदतीने नव्हे, स्वतःच्या ड्रायव्हरने सीडी वाचतो. जुन्या रेस्क्यू डिस्कमध्ये नव्या कंट्रोलरचा (ड्राइव्ह ज्या चिपला जोडलेला असतो तिचा) ड्रायव्हर नसेल, तर आत्तापर्यंत नीट वाचली गेलेली सीडी अचानक ‘सापडत नाही’. यूएसबीने जोडलेला सीडी ड्राइव्ह दुसऱ्या पोर्टला लावून कधी कधी काम भागते. खऱ्या वाचनदोषात मात्र ड्राइव्ह गप्प बसत नाही: वेग घेतो, मंदावतो, पुन्हा घेतो, आणि बऱ्याच वेळाने पडद्यावर ‘बफर आय/ओ एरर’ व ब्लॉकचा क्रमांक उमटतो. हा क्रमांक लिहून ठेवावा. पुन्हा बूट केल्यावर तोच आला तर डिस्कवर त्या जागी दोष आहे. बूटलोडर किंवा कर्नल दर वेळी वेगळ्याच ठिकाणी अडत असेल तर मेमटेस्ट चालवून रॅम तपासावी. रॅमचा दोष सीडीच्या माथी मारला जाण्याचे प्रकार वाटतात त्याहून जास्त.

सीडीची माहिती लेबलच्या अगदी खाली असते. वाचायच्या बाजूने १.२ मिलिमीटर पॉलिकार्बोनेटचे संरक्षण आहे, लेबलकडून जवळजवळ काही नाही. म्हणून लेबलवरचा ओरखडा अधिक घातक. डीव्हीडीत माहितीचा थर दोन चकत्यांच्या मध्ये असतो. पुसताना मऊ कापड केंद्राकडून कडेकडे न्यावे, गोल फिरवू नये: सीडीची दोषदुरुस्ती माहितीच्या सर्पिल मार्गावरची सुमारे २.५ मिलिमीटरची तूट भरून काढते, आणि आडवा ओरखडा मार्ग क्षणात ओलांडतो, तर गोल ओरखडा मार्गालाच धरून जातो. सीडी-आरडब्ल्यूचे परावर्तन सीडी-आरपेक्षा बरेच कमी असल्याने थकलेल्या ड्राइव्हला ती झेपत नाही. तीच डिस्क दुसऱ्या ड्राइव्हमध्ये चालली, तर दोष पहिल्या ड्राइव्हचा.

क्लोनझिलासारख्या रेस्क्यू डिस्कमध्ये ‘टू रॅम’ हा पर्याय असतो. सारी सामग्री आधीच रॅममध्ये घेतल्याने पुढे सीडीची गरज उरत नाही. यूएसबीवर चालणारी आयएसओ असेल तर सरळ पेनड्राइव्ह बनवणे सोपे.

एक दोष मात्र निरुपद्रवी आहे. ‘ट्रॅक ॲट वन्स’ (एकेक ट्रॅक स्वतंत्र लिहिण्याच्या) पद्धतीने बर्न केलेल्या सीडीच्या शेवटी दोन सेक्टर वाचता न येणारे असतात. लिनक्स पुढचे वाचून ठेवण्याच्या नादात तिथवर पोहोचतो आणि चूक नोंदवतो. त्यासाठीच आयएसओच्या शेवटी १५० सेक्टर, म्हणजे ३०० किलोबाइट रिकामी भरती घालण्याची प्रथा पडली.