मॉड्यूल पास, उपकरण नापास

शेतातल्या मातीचा ओलावा मोजणारी, विहिरीवरचा पंप लांबून चालू-बंद करणारी, पाण्याच्या टाकीची पातळी मोबाईलवर कळवणारी छोटी वायरलेस उपकरणं आता बऱ्याच लहान कंपन्या बनवतात. त्यांच्या माहितीपत्रकात एक ओळ हमखास सापडते: 'प्रमाणित रेडिओ मॉड्यूल वापरलेलं आहे.' त्यावरून वाचणाऱ्याचा, आणि पुष्कळदा बनवणाऱ्याचाही समज होतो की मॉड्यूल, म्हणजे आतला तयार रेडिओचा तुकडा, पास झाला की अख्खं उपकरण पास. तसं नसतं. ते का नसतं, हे पाहायला गेलं की विद्युतचुंबकत्वातली एक विलक्षण देखणी गोष्ट हाती लागते.

आधी नियम थोडक्यात. भारतात ८६५ ते ८६८ मेगाहर्ट्झ हा पट्टा परवान्याशिवाय वापरता येतो. लोरा या, थोड्या शक्तीत लांबवर संदेश पाठवणाऱ्या तंत्रावरची बहुतेक शेती-उपकरणं इथेच बोलतात. ट्रान्समीटरची शक्ती जास्तीत जास्त १ वॉट, अँटेनाचा लाभ (लहर एका दिशेला एकवटल्याने मिळणारी वाढ) धरून ४ वॉट आणि वाहक लहरीची रुंदी २०० किलोहर्ट्झ, अशा मर्यादा आहेत. परवाना लागत नसला तरी मंजुरी लागते. दूरसंचार विभागाच्या, रेडिओ लहरींचा वापर पाहणाऱ्या डब्ल्यूपीसी शाखेची ही मंजुरी ईटीए (इक्विपमेंट टाइप अप्रूव्हल) या नावाने ओळखली जाते आणि तिच्यासाठी सरल संचार पोर्टलवर अर्ज करावा लागतो. त्यात रेडिओ कोणत्या वारंवारतेवर, किती शक्तीने आणि किती रुंदीत बोलतो ते पाहिलं जातं.

इथे पहिला खड्डा लागतो. ऑनलाइन स्वस्तात मिळणारं '९१५ मेगाहर्ट्झ'चं मॉड्यूल अमेरिकेसाठी असतं. तिथल्या लोरावॅन, म्हणजे लोरा उपकरणांच्या जाळ्याच्या, योजनेत उपकरणं ९०२.३ ते ९१४.९ मेगाहर्ट्झवर प्रक्षेपण करतात. भारतात मात्र ८९० ते ९१५ हा पट्टा मोबाईल फोनकडून टॉवरकडे जाणाऱ्या संदेशांचा आहे. फोनचा अतिक्षीण आवाज ऐकायला कान लावून बसलेल्या टॉवरच्या शेजारीच असं उपकरण ओरडू लागलं, तर आसपासच्या लोकांचे कॉल तुटतात. हे बेकायदा तर आहेच, शिवाय टॉवरवाल्यांना ते शोधून काढता येतं.

वारंवारता बरोबर निवडली तरी लहरीची शक्ती वाढवणारा प्रवर्धक पूर्ण सरळमार्गी नसतो. ८६६ मेगाहर्ट्झच्या लहरीबरोबर तिची दुप्पट, तिप्पट वारंवारताही थोडी बाहेर पडते. दुप्पट म्हणजे १७३२. ती थेट १८०० मेगाहर्ट्झ पट्ट्यातल्या फोन-ते-टॉवर भागात, म्हणजे १७१० ते १७८५ मध्ये पडते. म्हणून अँटेनाच्या आधी दोन-तीन कपॅसिटर आणि इंडक्टरची गाळणी बसवलेली असते. चांगल्या मॉड्यूलमध्ये ती आतच असते, आणि मॉड्यूलचं प्रमाणपत्र खरं उपयोगी पडतं ते इथे.

पण ते प्रमाणपत्र अटींसह येतं. अमेरिकेच्या एफसीसी या दूरसंचार नियामकाच्या नियमांत मॉड्यूलची मंजुरी ठरावीक प्रकारच्या आणि तेवढ्याच किंवा त्याहून कमी लाभाच्या अँटेनासाठी चालते. अँटेना बदलला की ती आपोआप लागू होत नाही. शिवाय मॉड्यूलची चाचणी झालेली असते ती उत्पादकाच्या साध्या बोर्डवर, स्वच्छ वीजपुरवठ्यावर. तुम्ही त्याच्या शेजारी मायक्रोकंट्रोलर (उपकरण चालवणारी छोटी संगणक-चिप) बसवता, १२ व्होल्टचे ३.३ व्होल्ट करणारा स्विचिंग कन्व्हर्टर बसवता, सोलर पॅनेलची एक मीटर केबल आणि सेन्सरची तीन मीटर वायर जोडता. यातली एकही गोष्ट मॉड्यूलच्या अहवालात नाही.

आता ती देखणी गोष्ट. केबलमधल्या दोन तारांपैकी एकीतून प्रवाह जातो आणि दुसरीतून परत येतो. दोन्ही तारा जवळजवळ असल्याने त्यांची क्षेत्रं एकमेकांना जवळपास पुसून टाकतात, आणि अशा प्रवाहाने लांबवर फारसं काही पोहोचत नाही. पण याच दोन तारांमधून एकाच दिशेने वाहणारा आणखी एक प्रवाह असू शकतो. त्याला कॉमन-मोड प्रवाह म्हणतात. त्याची परतीची तार कुठेच दिसत नाही, कारण तो केबल आणि बोर्ड यांच्यामधल्या हवेतल्या विद्युतक्षेत्रातून परत येतो. इथे पुसून टाकणारं कोणी नसतं. केबल सरळसरळ अँटेना होते आणि बोर्ड तिचा दुसरा पाय.

किती प्रवाह पुरतो? सीस्पर ३२ या आंतरराष्ट्रीय मानकात घरगुती वापराच्या, म्हणजे बी वर्गाच्या उपकरणांना ३० ते २३० मेगाहर्ट्झमध्ये, ३ मीटर अंतरावर, १०० मायक्रोव्होल्ट प्रति मीटर एवढी मुभा आहे. एक मीटर केबलमधून ५० मेगाहर्ट्झचा कॉमन-मोड प्रवाह वाहत असेल, तर ही मर्यादा गाठायला ५ मायक्रोअँपिअर पुरतात. उपकरणावरचा साधा एलईडी याच्या हजारपट प्रवाह घेतो.

हा प्रवाह उभा करायला व्होल्टेजही नगण्य लागतं. एक मीटर तार ७५ मेगाहर्ट्झला चतुर्थांश तरंगलांबीची होते. तिथे तिचा रोध ३६ ओहमच्या आसपास येतो. म्हणजे ५ मायक्रोअँपिअरसाठी बोर्डच्या ग्राउंडवर, म्हणजे सामाईक शून्य-व्होल्टच्या तांब्याच्या थरावर, १८० मायक्रोव्होल्टचा गोंगाट झाला की काम झालं. ३.३ व्होल्टचा हा अठरा हजारावा भाग आहे! ऑसिलोस्कोपवर तो दिसणारही नाही. तो येतो स्विचिंग कन्व्हर्टरमधून. कन्व्हर्टर सेकंदाला पाच-दहा लाख वेळा उघडझाप करतो आणि प्रत्येक उघडझाप काही नॅनोसेकंदांत होते. इतक्या तीव्र कडेमुळे मूळ वारंवारतेच्या पटींची रांग शंभर-दोनशे मेगाहर्ट्झपर्यंत पसरते. ग्राउंडच्या तांब्याला अगदी थोडा का होईना इंडक्टन्स, म्हणजे प्रवाहाच्या बदलाला होणारा विरोध, असतोच, आणि त्यातून हा प्रवाह गेला की बोर्डच्या दोन कोपऱ्यांत मायक्रोव्होल्टांचा फरक पडतो. एका कोपऱ्याला सोलरची केबल आणि दुसऱ्याला सेन्सरची वायर जोडली असेल, तर हा फरक दोन बाजूंना पसरलेल्या अँटेनाच्या मध्यावर आयता लागू होतो.

म्हणून सगळे कनेक्टर बोर्डच्या एकाच कडेला ठेवावेत. ग्राउंडच्या थरात चिरा पाडू नयेत, विशेषतः कन्व्हर्टर आणि कनेक्टर यांच्यामध्ये. कन्व्हर्टरचा इनपुट कपॅसिटर चिपच्या पायांना अगदी चिकटून हवा, कारण खरा वेगवान प्रवाह त्या छोट्या वळशातच फिरतो.

केबलभोवती बसवायच्या फेराइटच्या (चुंबकीय सिरॅमिकच्या) क्लिपवर लोकांचा फार विश्वास असतो, आणि ती कुठेही लावली जाते. ३६ ओहमच्या परिपथात फेराइटचे १०० ओहम आले तर प्रवाह जवळपास पावणेचारपट घटतो, म्हणजे ११ डेसिबलची सुटका होते. पण तीच क्लिप जिथे रोध आधीच ३०० ओहम आहे अशा जागी लावली, तर अडीच डेसिबलच मिळतात. चतुर्थांश तरंगलांबीच्या केबलमध्ये प्रवाह सर्वांत जास्त असतो कनेक्टरपाशी. क्लिप तिथेच हवी, आणि या पट्ट्यासाठी ती निकेल-झिंक फेराइटची हवी.

हे सगळं लॅबचं भाडं भरण्याआधी टेबलावर मोजता येतं. उघडणाऱ्या फेराइट क्लिपवर पातळ तारेचे दहा वेढे घ्या आणि टोकं कोॲक्स केबलने स्पेक्ट्रम ॲनालायझरच्या (कोणत्या वारंवारतेवर किती शक्ती आहे ते दाखवणाऱ्या यंत्राच्या) ५० ओहमच्या इनपुटला जोडा. क्लिपमधून तुमच्या उपकरणाची अख्खी केबल न्या, दोन्ही तारा एकत्र. जाणारा-येणारा प्रवाह आपोआप वजा होतो आणि उरतो तो कॉमन-मोड. दहा वेढे म्हणजे प्रति अँपिअर ५ व्होल्ट. ५ मायक्रोअँपिअरचे २५ मायक्रोव्होल्ट, म्हणजे ॲनालायझरच्या शक्तीच्या एककात उणे ७९ डीबीएम, दिसतील. ५० मेगाहर्ट्झच्या आसपास या रेषेच्या वर काही दिसलं तर लॅबमध्ये नापास होण्याची दाट शक्यता आहे. आधी उपकरण बंद ठेवून एकदा पाहा, कारण केबल एफएम केंद्रंही पकडते.

प्रत्यक्ष चाचणी होते लहरी शोषणाऱ्या भिंतींच्या खोलीत. मुंबईची समीर आणि पुण्याची एआरएआय या संस्थांकडे अशा सोयी आहेत. उपकरण ८० सेंटीमीटर उंचीच्या अवाहक टेबलावर ठेवून ३६० अंशांत फिरवतात, आणि मोजणारा अँटेना १ ते ४ मीटर वर-खाली करतात, कारण थेट लहर आणि जमिनीवरून परावर्तित झालेली लहर यांची बेरीज उंचीनुसार बदलते. इथे वेळ वाया जातो तो वेगळ्याच कारणाने. लोरा उपकरण पंधरा मिनिटांतून एकदा क्षणभर बोलतं, आणि मोजायला तर सतत प्रक्षेपण हवं. सर्वांत खालच्या, मधल्या आणि वरच्या चॅनेलवर अखंड प्रक्षेपण करणारं, शिवाय नुसतं ऐकत राहणारं असं वेगळं फर्मवेअर, म्हणजे उपकरणातला प्रोग्राम, सोबत नसेल, तर दिवस फुकट जातो.

फोनच्या मागे चिकटवायचे 'रेडिएशन शोषणारे' स्टिकर विकणाऱ्यांनी एकदा या खोलीत यावं. स्टिकरने लहर खरंच अडवली, तर टॉवर फोनला जास्त शक्तीने बोलायला सांगतो, आणि नाही अडवली तर पैसे गेले. फोनच्या सुरक्षिततेची अट भारतात २०१२ पासून ठरलेली आहे: १ ग्रॅम ऊतीमागे सरासरी १.६ वॉट प्रति किलो. तिची पूर्तता फोनच्या रचनेत होते, चिकटपट्टीत नाही.

प्रमाणपत्र हाती आल्यावरही एक धोका उरतो. खरेदी विभाग दोन रुपये वाचवायला त्याच पायांची, तेवढ्याच व्होल्टची दुसरी कन्व्हर्टर चिप आणतो. ती आधीच्या चिपपेक्षा तिप्पट वेगाने उघडझाप करत असते. कागदावर सगळं जुळतं, उपकरण उत्तम चालतं, आणि केबलमधला प्रवाह गुपचूप ५ चा १५ मायक्रोअँपिअर होतो. कन्व्हर्टर, क्रिस्टल, अँटेना, अँटेनाजवळचे कपॅसिटर-इंडक्टर आणि बाहेर जाणाऱ्या केबलींची लांबी या पाच गोष्टी पार्ट-लिस्टमध्ये लाल शाईने खुणावून ठेवाव्यात. त्यातलं काहीही बदललं की दहा वेढ्यांची ती क्लिप पुन्हा काढायची.