व्होल्ट हा भाव, इलेक्ट्रॉन-व्होल्ट ही पट्टी

बारावीच्या सराव परीक्षेत दर वर्षी कुणीतरी लिहितंच : ‘दोन प्लेटांमधलं विभवांतर (म्हणजे व्होल्टेज) 100 इलेक्ट्रॉन-व्होल्ट आहे.’ आकडा बरोबर, एकक चुकलं, गुण गेला. यात पोरांचा दोष अर्धाच. नावातच व्होल्ट असल्यावर ते मिलिव्होल्टसारखं व्होल्टचंच धाकटं भावंड वाटणार.

सोलापुरात शिकवायचं तर मला फळ्यापेक्षा मार्केट यार्ड सोयीचं पडतं. वर्गात निम्मी पोरं मोहोळ-बार्शीकडची, कांद्याच्या घरातली. लिलाव झाला की घरी दोन आकडे पोचतात : क्विंटलचा भाव आणि पट्टीवरची, म्हणजे विक्रीच्या हिशेबाच्या कागदावरची, रक्कम. समजा भाव 1500 निघाला. एवढ्यावरून हातात किती पडले ते कळत नाही, माल किती होता हे विचारावंच लागतं. पाच क्विंटल असेल तर 7500. (हमाली-तोलाई वजा जाते ती वेगळी. भौतिकशास्त्रात ती नाही, तेवढंच सुख.)

व्होल्ट हा असा भाव आहे. एक कूलोम प्रभार एका बिंदूपासून दुसऱ्यापर्यंत न्यायला एक ज्यूल कार्य लागत असेल, तर त्या दोन बिंदूंत एक व्होल्टचं विभवांतर. ज्यूल ही रक्कम. मग इलेक्ट्रॉन-व्होल्ट काय? त्याच एक व्होल्टच्या भावाने एकाच इलेक्ट्रॉनची झालेली रक्कम. इलेक्ट्रॉनवरचा प्रभार 1.602 × 10⁻¹⁹ कूलोम, म्हणून ही रक्कम 1.602 × 10⁻¹⁹ ज्यूल. क्विंटलच्या भावाने एकाच कांद्याची पट्टी करावी, तसलं हे काम. पण अणूच्या बाजारात माल सुट्टाच विकला जातो. हायड्रोजनमधला इलेक्ट्रॉन सोडवायला 2.18 × 10⁻¹⁸ ज्यूल लागतात असं म्हणण्यापेक्षा 13.6 इलेक्ट्रॉन-व्होल्ट म्हटलेलं जिभेलाही बरं.

गडबड उघडी पडते ती अल्फा कणापाशी, म्हणजे हेलियमच्या अणुकेंद्रकापाशी. 100 व्होल्टमधून इलेक्ट्रॉन गेला, 100 इलेक्ट्रॉन-व्होल्ट ऊर्जा. प्रोटॉन गेला, तेवढीच. अल्फा कणावर मात्र दुप्पट प्रभार, म्हणून 200. भाव तोच, माल दुप्पट. दोन्ही एककं एकच समजणारा इथे हमखास 100 लिहितो.

घरातही बघा. जानेवारीत, सोलापूरच्या गड्ड्याच्या यात्रेच्या दिवसांत हवा कोरडी असते. रात्री सिंथेटिक ब्लँकेट ओढलं की चटचट ठिणग्या उडतात (आपली सुती चादर असं काही करत नाही). त्या ठिणगीमागे काही हजार व्होल्ट असतात, ऊर्जा मात्र जेमतेम काही मिलिज्यूल. उलट इन्व्हर्टरची 150 अँपिअर-तासांची बॅटरी फक्त 12 व्होल्टची, पण पोटात 1.8 युनिट, म्हणजे जवळपास 65 लाख ज्यूल. भाव चढा आणि माल चिमूटभर, किंवा भाव पडलेला आणि माल ट्रकभर.

जिनिव्हाजवळच्या लार्ज हॅड्रॉन कोलायडर या कणांना वेग देणाऱ्या अजस्र यंत्रात एकेका प्रोटॉनला 6.8 लाख कोटी इलेक्ट्रॉन-व्होल्ट ऊर्जा देतात. म्हणून तिथे तेवढे व्होल्ट कुठे जोडलेले आहेत असं नाही. प्रोटॉन फेऱ्यांवर फेऱ्या मारतो आणि दर फेरीला थोडी थोडी ऊर्जा गोळा करतो. ज्यूलमध्ये मोजली तर ही सगळी मिळून एका ज्यूलच्या दहालाखाव्या भागाच्या आसपास, एखादी बारीक मुंगी दोन-चार सेंटिमीटर वर उचलायला पुरेल इतकी. हिरव्या प्रकाशाच्या फोटॉनवर, म्हणजे प्रकाशाच्या एका कणावर, तर प्रभारच नसतो, त्याला कुठल्याही विभवांतराचा भाव लागू नाही. तरी त्याची ऊर्जा साधारण 2.3 इलेक्ट्रॉन-व्होल्ट अशीच सांगतात. इथे ते निव्वळ रकमेचं माप आहे.

वर्गातल्या हुशार पोराची शंका शेवटी एलईडीवर येते. ‘सर, लाल एलईडीला साधारण 2 व्होल्ट लागतात आणि लाल फोटॉनही साधारण 2 इलेक्ट्रॉन-व्होल्टचाच. मग एकच झालं की!’ आकडे जुळतात, कारण तिथे माल नेमका एक नग आहे. 2 व्होल्टच्या भावाने एक इलेक्ट्रॉन गेला, त्याची पट्टी 2 इलेक्ट्रॉन-व्होल्टची झाली, आणि ती रक्कम उजेडाच्या रूपाने बाहेर पडली.