पाळीव सापाच्या भक्ष्याचे माप

पाळीव सापाला द्यायचा उंदीर केवढा असावा, हे ठरवण्याची रीत. साप घास तोडत नाही आणि चावूनही खात नाही. भक्ष्य अख्खेच्या अख्खे गिळतो. म्हणून कुत्र्या-मांजराला ‘किती’ घालायचे हे पाहतात, तर सापाला ‘केवढे’ हे पाहावे लागते. रूढ नियम असा की, उंदराची जाडी सापाच्या अंगाच्या सर्वांत जाड भागाएवढी असावी, फार तर दीडपट. डोके पाहून अंदाज बांधणारा हमखास फसतो. सापाच्या खालच्या जबड्याच्या दोन बाजू पुढच्या टोकाला हाडाने सांधलेल्या नसतात, लवचिक अस्थिबंधाने जोडलेल्या असतात, आणि त्या आळीपाळीने पुढे सरकवत तो भक्ष्य आत ओढतो. गिळताना साप जबडा निखळवतो, ही समजूत चुकीची आहे. तोंडात शिरले ते पोटाला पेललेच, असे मात्र होत नाही. गिळणे जमते आणि पचणे अडते, अशी उदाहरणे पाळणाऱ्यांकडे नेहमी घडतात.

जाडीचा हा हिशेब कोकण किनारपट्टीवर उघड्यावर पाहायला मिळतो. परसातल्या भाजीला आणि कोंबड्यांच्या खुराड्याला मासेमारीची जुनी नायलॉनची जाळी लावायची पद्धत गावोगाव आहे. सडपातळ धामण त्या जाळ्याच्या डोळ्यातून, म्हणजे विणीतल्या छिद्रातून, सहज आत शिरते, उंदीर गिळते आणि परतताना पोटाच्या फुगवट्यापाशी अडकते. पुढे जायला ओढ घेते तसा धागा खवल्यांखाली रुततो. सर्पमित्र कात्रीने एकेक डोळा कापत तिला सोडवतो, आणि जनावर हाती येताच पुष्कळदा पोटातला उंदीर ओकून टाकते. हा उंदीर पाहण्यासारखा असतो: आधी डोके, मग धड असा आत गेल्यामुळे केस सगळे शेपटीच्या दिशेने चापून बसलेले, पाय अंगाला चिकटलेले. शेजारी पडलेल्या धामणीच्या अंगापेक्षा तो किंचित जाडच दिसतो.

धामण, तस्कर, मांडूळ, अजगर यांसारखे इथले साप पाळणे वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ नुसार गुन्हा आहे. पकडलेला साप सर्पमित्रालाही घरी ठेवता येत नाही. त्यामुळे भक्ष्याच्या मापाचा प्रश्न पाळीव म्हणून आणलेल्या परदेशी सापांपुरताच उरतो. त्यांत बॉल पायथन आणि कॉर्न स्नेक हे जास्त परिचित. बॉल पायथन सायटीस (वन्यजीवांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावरील) कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात असल्याने तो बाळगणाऱ्याला शासनाकडे नोंदणी करावी लागते.

साप म्हटला की उंदीर, हे समीकरणही सरसकट लागू नाही. कोकणच्या सड्यांवरचे (कातळाच्या पठारांवरचे) फुरसे विंचू, गोमी, पाली यांवर गुजराण करते, कवड्या पालींवर, दिवड मासे आणि बेडकांवर. मण्यार तर मुख्यतः दुसरे सापच खाते. घोणस-चापड्यासारखे जाड धडाचे, रुंद डोक्याचे साप आपल्या अंगाच्या मानाने बरेच मोठे भक्ष्य पेलतात. तेव्हा वर दिलेला दीडपटीचा नियम उंदरावर वाढणाऱ्या पाळीव सापांसाठी आहे, सर्व सापांसाठी नाही.

पाळणाऱ्यांच्या बोलण्यात उंदरांच्या वाढीच्या पायऱ्यांना ठरलेली नावे आहेत. जन्मतः केस नसलेले, डोळे मिटलेले एक-दोन ग्रॅमचे पिल्लू म्हणजे पिंकी. अंगावर लव आली की फझी. उड्या मारू लागले की हॉपर, वजन सुमारे सात ते बारा ग्रॅम. पूर्ण वाढलेला पांढरा उंदीर साधारण वीस ते तीस ग्रॅमचा असतो. उंदराहून मोठ्या जातीचा रॅट दोन-तीनशे ग्रॅमच्या पुढे जातो, आणि त्याचे नवजात पिल्लूच पाच-सहा ग्रॅमचे भरते. म्हणून ‘पिंकी दिली’ एवढ्याने काही कळत नाही; कशाची, ते सांगावे लागते.

जाडीऐवजी वजनाचा नियमही वापरतात: वाढत्या सापाला त्याच्या वजनाच्या दहा ते पंधरा टक्के, मोठ्याला त्याहून कमी आणि जास्त दिवसांच्या अंतराने. काट्यावर मोजता येत असल्याने हा नियम सोयीचा वाटतो, पण अगदी लहान सापाशी तो जुळत नाही. सहा-सात ग्रॅमच्या कॉर्न स्नेकला दिलेली दीड ग्रॅमची पिंकी टक्केवारीत बसत नाही, तरी मऊ असल्याने त्याला सहज पचते. तिथे डोळ्यांनी जाडी मोजणेच बरे. जेवणानंतर पोटावर हलका फुगवटा दिसावा आणि एक-दोन दिवसांत तो विरावा. फुगवट्यावरचे खवले एकमेकांपासून फाकून मधली कातडी ताणलेली दिसली, तर माप चुकले असे समजावे.

माप मोठे झाले, किंवा बेताचेच असून साप ठेवलेली पेटी थंड राहिली, तर साप भक्ष्य ओकतो. मग दहा-पंधरा दिवस त्याला उपाशी ठेवतात आणि पुढचा उंदीर नेहमीपेक्षा बराच लहान देतात. शंका असेल तेव्हा लहानच निवडावा. मात्र मोठ्या सापाला पिंक्यांचे पुंजके घालत राहणेही योग्य नाही, कारण पिंकीची हाडे पुरती भरलेली नसतात आणि त्यातून कॅल्शियम कमी मिळते. उलट टोकाला, पेटीत वेटोळे घालून बसणाऱ्या बॉल पायथनला दर आठवड्याला मोठा रॅट देऊन चरबी चढवणारे हौशीही कमी नाहीत.

भातखाचरातले, माडावरचे किंवा गोठ्यातले उंदीर पकडून सापाला घालू नयेत; मग माप कितीही बरोबर असो. माडा-भाताला उंदरांचा उपद्रव असल्याने झिंक फॉस्फाइडसारखे विष सर्रास वापरले जाते, आणि ते उंदराच्या पोटातून सापापर्यंत पोचते. पावसाळ्यात कोकणात लेप्टोची (लेप्टोस्पायरोसिस या तापाची) साथ येते, ती उंदराच्या मुतातून पसरते. त्यामुळे असा उंदीर हाताळणाऱ्या माणसालाच धोका जास्त. जिवंत उंदीर पेटीत सोडल्यास तो घाबरून सापाला कुरतडतो, म्हणून आधी मारून गोठवलेला उंदीर वापरतात. तो फ्रीजच्या खालच्या कप्प्यात सावकाश विरघळवून, मग कोमट पाण्यात पिशवीसकट बुडवून अंगभर उबदार करतात; आतून गार राहिलेला उंदीर साप ओकून टाकण्याची शक्यता असते. जून-जुलैच्या वादळात गावची वीज दोन-दोन दिवस जाते आणि फ्रीजरमधला साठा वितळतो. असा वितळलेला उंदीर पुन्हा गोठवत नाहीत, पुरून टाकतात. सापाला दोन आठवडे उपास घडला तरी चालतो.