कर्नलमधील आभासी स्मृतीची मांडणी

ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा, म्हणजे कर्नल, प्रोसेसरला हाताळता येणाऱ्या पत्त्यांची वाटणी ज्या आराखड्याने करतो, त्याला आभासी स्मृतीची मांडणी किंवा व्हर्च्युअल मेमरी लेआउट म्हणतात. कोणता पट्टा वापरकर्त्याच्या प्रोग्रॅमचा आणि कोणता कर्नलचा, हे त्यात ठरते. कर्नलच्या पट्ट्यातही रॅमचे प्रतिबिंब कुठे, ड्रायव्हर कुठे, उपकरणांची रजिस्टरे कुठे, हेही त्यातच येते. यातले बहुतेक निर्णय कर्नल कंपाइल करतानाच होतात. थोडे बूट होताना बदलता येतात. यंत्र एकदा चालू झाले की मुख्य हद्दी हलत नाहीत.

नागपूरकरांना ‘लेआउट’ हा शब्द समजावून सांगावा लागत नाही. शेतजमिनीचे भूखंड पाडायचे, रस्ते आखायचे, मोकळी जागा सोडायची, याला इथे ‘लेआउट पाडणे’ म्हणतात. सरकारी कागदांत त्याचे नाव अभिन्यास, आणि घराच्या पत्त्यात तर लेआउटचे नाव असतेच. १९३६च्या कायद्याने आलेल्या नागपूर सुधार प्रन्यासाच्या संदर्भात ‘५७२’ आणि ‘१९००’ लेआउट हे आकडे शहरात सर्वांच्या तोंडी आहेत. मंजुरीआधीच भूखंड पाडलेल्या आणि मागाहून नियमित करायला घेतलेल्या वस्त्यांचे ते गट. घरे आधी आणि रस्ते, गटारे नंतर असे झाले की काय होते, हे या शहराने पाहिले आहे. कर्नलच्या मांडणीचा इतिहास बराचसा याच अडचणीचा इतिहास आहे.

पत्ता आणि जागा. प्रोग्रॅम ज्या पत्त्यावर वाचतो-लिहितो तो आभासी पत्ता. रॅममधली खरी जागा वेगळी असते. दोहोंची सांगड पेज टेबल नावाचा तक्ता घालतो, आणि हे भाषांतर प्रोसेसरमधील स्मृती-व्यवस्थापन विभाग दर वेळी करतो. मँचेस्टरच्या १९६२च्या अ‍ॅटलस संगणकात ही कल्पना प्रथम प्रत्यक्षात आली. भाषांतराविना चालणारी समर्थ यंत्रेही होती. विदर्भातले आणि नागपूरच्या अभियांत्रिकी महाविद्यालयात (आजचे व्हीएनआयटी) शिकलेले विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली सी-डॅकने १९९१ मध्ये उभारलेला परम ८००० हा महासंगणक इनमॉसच्या टी-८०० ट्रान्सप्यूटरांवर चाले. त्या चिपमध्ये असा विभागच नव्हता. तिथे पत्ता म्हणजेच जागा, त्यामुळे या नोंदीतला प्रश्नच उद्भवत नसे.

इंटेलच्या १९८५च्या ८०३८६ प्रोसेसरपासून वैयक्तिक संगणकात ४ केबीची पेजे, म्हणजे स्मृतीचे ठरावीक आकाराचे तुकडे, आली. ३२ बिटांचा पत्ता १०, १० आणि १२ अशा तीन तुकड्यांत मोडतो. पहिले दोन तुकडे दोन पातळ्यांच्या तक्त्यांतून वाट दाखवतात आणि शेवटचे १२ बिट पेजमधली जागा सांगतात. एकच सपाट तक्ता ठेवला असता तर प्रत्येक प्रोसेसला ४ एमबी केवळ तक्त्यासाठी लागले असते.

३२ बिटांची वाटणी. ३२ बिटांत ४ जीबी पत्ते मावतात. ते सगळे एकाच्या हाती देता येत नाहीत, कारण सिस्टिम कॉल (प्रोग्रॅमने कर्नलकडे केलेली मागणी) आला की कर्नलला त्याच पत्त्यांच्या जगात धावावे लागते. दर वेळी तक्ता बदलणे महाग पडते. म्हणून लिनक्सने ३ जीबी वापरकर्त्याला आणि वरचा १ जीबी कर्नलला दिला. षोडशमान पद्धतीत ‘सी’ आणि त्यापुढे सात शून्ये, हा त्या हद्दीचा पत्ता. कर्नलच्या स्रोतात तिचे नाव पेज ऑफसेट. विंडोजने मुळात २-२ जीबीची वाटणी केली होती, आणि बूटच्या वेळी एक पर्याय देऊन तीही ३-१ करता येई.

खरी ओढाताण त्या १ जीबीत होते, म्हणून तिथे थोडे थांबायला हवे. कर्नलला रॅमचे सरळ प्रतिबिंब आपल्या पट्ट्यात लागते. तसे असले की खऱ्या जागेत एक ठरावीक संख्या मिळवली की आभासी पत्ता मिळतो, तक्ता चाळावा लागत नाही. पण पूर्ण १ जीबी त्याला देता येत नाही. वरचे १२८ एमबी व्हीमॅलॉक (विखुरलेली पेजे सलग पत्त्यांवर जोडून देणारी कर्नलची सोय), उपकरणांचे पत्ते आणि तात्पुरत्या जोडण्यांसाठी राखून ठेवतात. उरतात ८९६ एमबी. हा आकडा ज्यांनी ३२ बिटांच्या लिनक्सवर काम केले त्यांना पाठ असतो. त्याच्या पलीकडची रॅम ‘हायमेम’ ठरते आणि कर्नलला तिचे एकेक पेज गरजेपुरते जोडून घ्यावे लागते.

नेमकी १ जीबी रॅम असलेल्या यंत्रात यामुळे शेवटचे १२८ एमबी उगाच हायमेममध्ये जात. त्यासाठी हद्द २.७५ जीबीवर आणण्याचा पर्याय कर्नलच्या कॉन्फिगरेशनमध्ये आहे. शिवाय २-२ आणि १-३ अशाही वाटण्या निवडता येतात. मात्र पीएई (३२ बिटांच्या प्रोसेसरला ४ जीबीहून जास्त रॅम वापरू देणारी सोय) चालू असेल तर हद्द पूर्ण जीबीवरच हवी, कारण तिथल्या सर्वांत वरच्या तक्त्यात फक्त चार नोंदी असतात आणि प्रत्येक नोंद १ जीबीची.

पीएई १९९५ मध्ये पेंटियम प्रोसोबत आले. खऱ्या जागेचा पत्ता ३६ बिटांचा झाला, म्हणजे ६४ जीबी रॅम लावता येऊ लागली. आभासी पत्ता मात्र ३२ बिटांचाच राहिला. कर्नल प्रत्येक पेजची एक नोंद ठेवतो. ती ३२ बाइटची धरली तरी ६४ जीबीच्या १ कोटी ६७ लाखांवर पेजांसाठी ५१२ एमबी लागतात, आणि तेही त्याच ८९६ मधून. रॅम जितकी वाढवावी तितका कर्नल घुसमटतो! २००३ मध्ये लिनक्स कर्नलचे विकसक इंगो मोल्नार यांनी वापरकर्ता आणि कर्नल दोघांनाही स्वतंत्र ४-४ जीबी देणारा पॅच लिहिला, पण त्यात प्रत्येक सिस्टिम कॉलला तक्ता बदलावा लागे आणि वेग घटे.

एक गल्लत इथेच दूर करायला हवी, कारण ती शिकवतानाही होते. नागपूरच्या बर्डी बाजारातून आणलेली ४ जीबी रॅम ३२ बिटांच्या विंडोजमध्ये सव्वातीन जीबीच्या आसपास दिसायची. त्याचे कारण वर सांगितलेली वाटणी नव्हे. ग्राफिक्स कार्डासारखी उपकरणे ४ जीबीच्या आतले खरे पत्ते व्यापतात, म्हणून तेवढी रॅम झाकली जाते. तो भौतिक मांडणीचा प्रश्न आहे. आभासी हद्द कुठेही सरकवली तरी तो सुटत नाही.

बांधांशिवाय शेत नसते, तशी मांडणीही नसते. ३२ बिटांच्या लिनक्समध्ये रॅमचे प्रतिबिंब संपते तिथून व्हीमॅलॉक सुरू होईपर्यंत ८ एमबीची पोकळी सोडतात. व्हीमॅलॉकच्या प्रत्येक तुकड्यामागेही एक रिकामे पेज असते. हद्द ओलांडणारी चूक शेजाऱ्याचा डेटा बिघडवण्याआधी तिथेच पकडली जाते. शून्य पत्त्याचेही तसेच. नागपुरातल्या झीरो माइलपासून ब्रिटिश काळात अंतरे मोजायला सुरुवात होई, असे सांगतात. स्मृतीत मात्र शून्यापासूनचा पट्टा (अनेक प्रणालींत ६४ केबी) मुद्दाम मोकळा ठेवतात, म्हणजे रिकामा (कोणत्याच जागेचा पत्ता नसलेला) पॉइंटर वापरला की प्रोग्रॅम लगेच थांबतो.

६४ बिट. इथे जागेची टंचाई संपली. चार पातळ्यांच्या तक्त्यात ४८ बिट वापरात येतात. खालचे १२८ टीबी वापरकर्त्याचे, वरचे १२८ टीबी कर्नलचे आणि मधला अफाट पट्टा निषिद्ध. कर्नलच्या भागात ६४ टीबी रॅमच्या प्रतिबिंबाला आणि ३२ टीबी व्हीमॅलॉकला मिळतात. हायमेमची गरजच उरली नाही. २०१७च्या लिनक्स ४.१४ मध्ये पाचवी पातळी आली आणि पत्ता ५७ बिटांचा झाला. तरीही प्रोग्रॅमने स्वतः मागितल्याशिवाय लिनक्स त्याला ४७ बिटांपलीकडचा पत्ता देत नाही. काही प्रोग्रॅम पत्त्याच्या वरच्या रिकाम्या बिटांत स्वतःची माहिती साठवत आले आहेत. रिकामी दिसणारी जागा कोणीतरी वापरायला घेतलेली असते, आणि मग आराखडा करणाऱ्याला तिचा मान राखावा लागतो.

एआरएम ६४ प्रकारच्या प्रोसेसरांत पत्त्याची रुंदी (उदा. ३९, ४८ किंवा ५२ बिट) आणि पेजचा आकार (४, १६ किंवा ६४ केबी) कंपाइल करताना निवडतात. ३९ बिट घेतले तर ४ केबीच्या पेजांना तीनच पातळ्या पुरतात. रिस्क-फाइव्हमध्ये एसव्ही-३९, एसव्ही-४८ आणि एसव्ही-५७ अशा पायऱ्या आहेत. आयआयटी मद्रासचे शक्ती आणि सी-डॅकचे वेगा हे प्रोसेसर याच घराण्यातले. भारतात स्वतःच्या प्रोसेसरवर कर्नल बसवणाऱ्या विद्यार्थ्याने या मांडणीचा अभ्यास केवळ परीक्षेपुरता ठेवू नये, असे प्रस्तुत लेखकाला मनापासून वाटते.

सुरक्षा. मांडणी सर्वांना ठाऊक असली की हल्लेखोरालाही ती ठाऊक असते. म्हणून २०१४च्या लिनक्स ३.१४ पासून कर्नलची जागा बूटच्या वेळी यादृच्छिकपणे निवडण्याची सोय झाली. ६४ बिटांच्या इंटेल यंत्रांवर कर्नलचा मूळ कोड १ जीबीच्या पट्ट्यात २ एमबीच्या टप्प्यांनी बसतो, म्हणजे फार तर ५१२ जागा. हे संरक्षण तोकडे आहे. जानेवारी २०१८ मध्ये उघड झालेल्या मेल्टडाउन त्रुटीने तर एकाच तक्त्यात वापरकर्ता आणि कर्नल दोघांना ठेवण्याचा जुना करारच मोडला. वापरकर्त्याला निषिद्ध असलेला कर्नलचा पट्टा प्रोसेसरच्या आगाऊ अंमलबजावणीतून (पुढच्या सूचना परवानगीची तपासणी पुरी होण्याआधीच चालवण्यातून) वाचता येत होता. लिनक्स ४.१५ मध्ये दोघांचे तक्ते वेगळे केले गेले. २००३ मध्ये जागेसाठी सुचवलेली युक्ती पंधरा वर्षांनी सुरक्षेसाठी स्वीकारावी लागली, आणि वेगाची किंमतही मोजावी लागली.

मांडणी पाहायची असेल तर कोणत्याही लिनक्स यंत्रावर प्रोक फोल्डरमधील मेमइन्फो ही फाइल उघडावी. चार पातळ्यांच्या ६४ बिट यंत्रात ‘व्हीमॅलॉक टोटल’पुढे ३४३५९७३८३६७ केबी असा आकडा दिसतो. ८ जीबीच्या लॅपटॉपवरही तो तेवढाच असतो, कारण ते राखून ठेवलेले ३२ टीबी पत्ते आहेत, रॅम नव्हे.