पोटरीचा स्नायू दुखावला तर

‘मागून कुणी लाथ मारली असं वाटलं. वळून पाहिलं तर कुणीच नव्हतं.’ पोटरी धरून लंगडत आलेले बरेच जण आम्हाला हेच सांगतात. भातकापणीनंतर सुक्या शेतांत फुटबॉल सुरू झाला की आणि शिगम्याआधी रोमटामेळाचा, म्हणजे मिरवणुकीतल्या नाचाचा, सराव रंगात आला की गोव्यात फोंड्यातल्या आमच्या फिजिओथेरपी केंद्रात दुखावलेल्या पोटऱ्या वाढतात. त्यातले बहुतेक जण पस्तिशी-चाळिशी ओलांडलेले असतात. प्रत्येकाला तेच तेच समजवावं लागतं, म्हणून हे माहितीपत्रक. घरी न्या, घरातल्यांनाही वाचायला द्या, कारण पोटरी चोळायला बसणारे बहुधा घरातलेच असतात!

पोटरीत मुख्य स्नायू दोन. वरचा फुगीर दिसतो तो गॅस्ट्रोक्नेमियस. तो गुडघ्याच्या वरून दोन मुंड्यांनी निघतो. त्याच्या खाली चपटा सोलियस. दोघं मिळून खाली अकिलीस टेंडन, म्हणजे टाचेमागचा जाड दोर, होतात आणि टाचेच्या हाडाला चिकटतात. गुडघा सरळ ठेवून चवड्यावर एकदम जोर दिला, की वरचा स्नायू ताणलेला असतानाच जोरात आकसतो आणि त्याचे धागे तुटतात. ही जागा बहुतेक वेळा पोटरीच्या आतल्या बाजूला, मांस संपून टेंडन सुरू होतो तिथे असते. डॉक्टर याला ‘टेनिस लेग’ म्हणतात, पण त्यासाठी टेनिस खेळायला नको. सुटलेली बस गाठायला मारलेली धाव किंवा चढावर ढकललेली बंद स्कूटर पुरते. खालचा सोलियस मात्र हळूहळू दुखावतो. किनाऱ्यावरच्या मऊ वाळूत रोज पळणाऱ्यांना पोटरीत खोलवर आवळल्यासारखं वाटू लागतं आणि अमुक दिवशी लागलं असं सांगता येत नाही.

रात्री झोपेत गोळा येतो ते वेगळं. गोळा काही मिनिटांत सुटतो, फार तर दुसऱ्या दिवशी पोटरी जड वाटते.

थोडे धागे तुटले असतील तर चालता येतं आणि 1 ते 3 आठवड्यांत बरं वाटतं. बरेच तुटले असतील तर चवड्यावर उभं राहता येत नाही. त्याला 4 ते 8 आठवडे लागतात. स्नायू पूर्ण फाटला तर 3-4 महिने किंवा त्याहून जास्त लागतात, आणि तिथे आमच्या आधी हाडांच्या डॉक्टरांनी पाहायला हवं. दोन-चार दिवसांनी घोट्यापाशी काळंनिळं दिसू लागतं, तेव्हा लोक फार घाबरतात. पोटरीत सांडलेलं रक्तच खाली उतरलेलं असतं. ती नवी दुखापत नाही.

पहिले तीन दिवस चोळू नका. तेल नको, बाम नको, फेणी नको, गरम पाण्याचा शेकही नको. माया म्हणूनच कुणीतरी चोळत असतं, हे आम्हाला कळतं. पण आत रक्त नुकतं थांबू लागलेलं असतं आणि चोळल्याने, शेकल्याने ते पुन्हा वाहू शकतं. त्याऐवजी बर्फ फडक्यात गुंडाळून 10-15 मिनिटं ठेवा, दर दोन-तीन तासांनी. क्रेप बँडेज बोटांच्या मुळापासून वर गुंडाळत आणा. बोटं बधिर किंवा निळी पडली तर लगेच सोडा. पाय उशीवर ठेवून पडा. आपण घरीदारी सपाट रबरी चपला घालतो किंवा अनवाणी फिरतो, तेवढे दिवस ते बंद ठेवा. टाच किंचित वर असलेली पादत्राणं घातली की पोटरीवरचा ताण कमी होतो. बुटात टाचेखाली गादी घालणार असाल तर दोन्ही बुटांत घाला, नाहीतर कंबर तक्रार करू लागते. दुखण्याची गोळी डॉक्टरांना विचारूनच घ्या.

दोन गोष्टींत उशीर करू नका. एक म्हणजे अकिलीस टेंडन तुटणं. पालथं झोपून पावलं पलंगाच्या कडेबाहेर सोडा आणि कुणाला तरी पोटरी हलकेच दाबायला सांगा. चांगल्या पायाचं पाऊल आपोआप हलतं. दुखऱ्या पायाचं हललंच नाही तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा. दुसरी म्हणजे शिरेत रक्ताची गुठळी. काही न लागता एकाच पोटरीला सूज आली, ती गरम किंवा लालसर वाटली, विशेषतः लांबच्या प्रवासानंतर, शस्त्रक्रियेनंतर किंवा बाळंतपणानंतर, तर कुणालाही हात लावू देऊ नका. तडक डॉक्टर गाठा. सोबत धाप लागत असेल किंवा छातीत दुखत असेल तर 108 ला फोन करा.

आता ज्यासाठी हे सगळं लिहिलं, ते. दुखणं थांबतं, पण पोटरी तेव्हा बरी झालेली नसते. एक गृहस्थ दहाव्या दिवशी अगदी नीट चालत होते. अकराव्या दिवशी ते मैदानात उतरले, आणि पहिल्याच धावेत त्याच जागी पुन्हा लागलं, आधीपेक्षा जास्त. जोडलेली जागा अजून कच्ची होती आणि विश्रांतीने उरलेला स्नायूही ढिला पडला होता. आमचा बहुतेक वेळ या मधल्या दिवसांवर जातो, आणि नेमके याच दिवसांत लोक यायचे थांबतात. वाईट वाटतं.

तेव्हा क्रम असा. आधी बसल्या बसल्या पाऊल वरखाली करणं. मग खुर्चीत बसून, मांडीवर गुडघ्याजवळ पाच किलो तांदळाची पिशवी ठेवून टाचा उचलणं. गुडघा वाकलेला असल्याने यात सोलियसला काम मिळतं. मग भिंतीला हात टेकून दोन्ही टाचा, आणि शेवटी एकच. वर जाताना दोन आकडे मोजा, खाली येताना चार. थोडं ओढल्यासारखं वाटलं तर चालेल, टोचल्यासारखं दुखलं तर एक पायरी मागे या. दुखऱ्या पायाने सलग 20 वेळा, चांगल्या पायाइतक्या उंचीवर टाच उचलता आली आणि अर्धा तास भरभर चालता आलं, की मग एक मिनिट पळणं, दोन मिनिटं चालणं. उड्या, झेपा आणि रोमटाच्या तालावरचा नाच त्याच्याही नंतर.

पहिल्या भेटीला साधारण पाऊण तास लागतो. दोन्ही पोटऱ्या मापतो, टाचा उचलून पाहतो, चाल पाहतो. सोनोग्राफी प्रत्येकाला लागत नाही. शंका असली तरच डॉक्टरांकडे पाठवतो. येताना गुडघ्यापर्यंत वर सरकेल अशी पँट किंवा परकर घाला. रोजची चप्पल आणि खेळायचे बूट दोन्ही आणा, झिजलेले असले तरी. चालू गोळ्यांची चिठ्ठीही आणा. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या किंवा अलीकडे घेतलेली सिप्रोफ्लॉक्सासिन, लिव्होफ्लॉक्सासिनसारखी अँटिबायोटिक औषधं असतील तर ती आम्हाला आधी कळायला हवीत, कारण ही अँटिबायोटिक टेंडन कमकुवत करू शकतात.