लाल दिवा कोणापासून लपतो?

कर्जत लोकलनं निघालं की बदलापूरच्या पुढचं स्टेशन वांगणी. ठाण्या-मुंबईतले आकाशवेडे अमावास्येच्या आसपास तिथं रात्र जागवायला जातात. खगोल मंडळाचे आकाशदर्शनाचे कार्यक्रमही तिथं कित्येक वर्षं होत आले आहेत. अशा रात्री एक पथ्य सगळे पाळतात. पांढरा टॉर्च लावायचा नाही, लावायचाच तर काचेवर लाल जिलेटीन पेपर गुंडाळून. हल्लीच्या हेडटॉर्चला तर लाल दिव्याचं वेगळं बटणच असतं आणि विकणारा सांगतो, "हा मिलिटरी मोड आहे, लांबून दिसत नाही."

यातलं अर्धं खरं आहे. लाल दिवा वापरणाऱ्याच्या डोळ्यांना जपतो. समोरच्यापासून लपण्याशी त्याचा फारसा संबंध नाही, आणि सैनिकासाठी दिवा निवडताना हाच घोळ पहिल्यांदा निस्तरावा लागतो.

डोळ्याच्या पडद्यावर दोन तऱ्हेच्या पेशी असतात. शंक्वाकार पेशी सुमारे ६० लाख. त्या रंग आणि बारकावे दाखवतात, पण त्यांना उजेड लागतो. दंडाकार पेशी १२ कोटींच्या घरात. त्यांना रंग कळत नाहीत, पण नुसत्या चांदण्यांच्या उजेडातही त्या काम करतात. ही करामत त्यांच्यातल्या ऱ्होडॉप्सिन या रंगद्रव्याची. १९४२ साली हेख्ट, श्लेअर आणि पिरेन यांनी दाखवलं, की अंधाराला पुरता सरावलेल्या डोळ्याला अवघे पाच ते सात प्रकाशकण टिपले तरी जाणीव होते. मात्र लख्ख उजेड पडला की हे द्रव्य विघटित होतं आणि पुन्हा पुरेसं तयार व्हायला अर्धा तास तरी जातो. गस्तीवरच्या जवानासाठी हा अर्धा तास म्हणजे जवळपास आंधळेपण. प्रकाशाचा रंग त्याच्या तरंगलांबीवर ठरतो आणि ती नॅनोमीटरमध्ये मोजतात. ऱ्होडॉप्सिन सर्वांत जास्त शोषतं तो ५०० नॅनोमीटरच्या आसपासचा हिरवट-निळा प्रकाश. ६२० नॅनोमीटरच्या पुढच्या लाल प्रकाशाला ते फारशी दाद देत नाही. म्हणून दुसऱ्या महायुद्धात पाणबुड्या आणि विमानांच्या कॉकपिटमध्ये लाल दिवे आले.

पण लाल उजेडाचे त्रासही आहेत. ट्रेकर मंडळींनी भारतीय सर्वेक्षण विभागाची टोपोशीट, म्हणजे भूभागाचा तपशीलवार नकाशा, लाल हेडटॉर्चखाली धरून पाहावी. तांबड्या रंगातले रस्ते आणि वस्त्या कागदात विरघळून जातात, सारखी उंची दाखवणाऱ्या तपकिरी समोच्च रेषाही फिकट होतात. जखमीवर उपचार करणाऱ्याला रक्त आणि ओला कपडा यांतला फरक कळेनासा होतो.

तिसरी अडचण बॅटरीची, आणि तिच्याबद्दल कुणी फारसं बोलत नाही. आपल्या उजेडातल्या नजरेला सर्वांत सोपा रंग ५५५ नॅनोमीटरचा पोपटी. त्या रंगाच्या एका वॅट प्रकाशातून ६८३ ल्युमेन, म्हणजे डोळ्याला जाणवणारा उजेड, मिळतो. ६५० नॅनोमीटरच्या गडद लालमधून मिळतात जेमतेम ७३. म्हणजे नकाशा तितकाच स्पष्ट दिसावा म्हणून नऊपटीहून जास्त प्रकाशऊर्जा ओतायची.

आणि एवढं करून ती ऊर्जा नेमकी शत्रूच्या दुर्बिणीत जाते. नाइट व्हिजनच्या, म्हणजे अंधारात पाहायच्या दुर्बिणीच्या, नळीत प्रकाशकण एका पातळ थरावर आदळून इलेक्ट्रॉन सुटतात, त्यांचा गुणाकार होतो आणि पडद्यावर हजारो पटींनी उजळलेलं चित्र उमटतं. तिसऱ्या पिढीच्या नळ्यांमध्ये हा थर गॅलियम आर्सेनाइडचा असतो आणि तो साधारण ९०० नॅनोमीटरपर्यंतचा प्रकाश टिपतो. लाल दिवा त्याच्या ऐन टप्प्यात येतो. म्हणूनच नाइट व्हिजन घालून उडणाऱ्या वैमानिकांच्या कॉकपिटमधून लाल दिवे गेले आणि निळसर-हिरवे आले. त्यांच्या गॉगलवर ठरावीक तरंगलांबीखालचे, म्हणजे कॉकपिटमधले हे रंग अडवणारी गाळणी असते, त्यामुळे स्वतःच्या दिव्यांनी डोळे दिपत नाहीत. ही सोय स्वतःच्या गॉगलपुरती. समोरच्याच्या गॉगलवर तशी गाळणी असेल असं धरून चालणं म्हणजे भाबडेपणा.

मग डोळ्यांना जवळपास न दिसणारा अवरक्त (इन्फ्रारेड) दिवा लावला तर? घोडबंदर रोडवरच्या कुठल्याही सोसायटीच्या गेटवर रात्री सीसीटीव्हीकडे बघा. भिंगाभोवती अंधुक लाल ठिपके दिसले, तर ते ८५० नॅनोमीटरचे एलईडी. ठिपके दिसत नाहीत तरी कॅमेरा अंधारात पाहतोय, तर बहुधा ९४० नॅनोमीटरचे. दुसरे पूर्ण अदृश्य, पण कॅमेऱ्यातला सिलिकॉनचा सेन्सर त्या तरंगलांबीला कमी संवेदनशील असल्यानं कॅमेऱ्याचा पल्ला घटतो. सैन्यापुढेही नेमका हाच सौदा असतो. ९४०चा दिवा तिसऱ्या पिढीच्या नळीला जवळपास दिसतच नाही. म्हणजे शत्रूपासून लपला, पण स्वतःलाही त्याचा उपयोग उरला नाही. शिवाय साधा डिजिटल कॅमेरा तो पकडतोच. टीव्हीच्या रिमोटचं बटण दाबून मोबाइलच्या सेल्फी कॅमेऱ्यातून पाहिलं तर बहुतेक फोनवर तो लुकलुकताना दिसतो. १९४५ मध्ये जर्मनांची 'व्हँपायर' आणि अमेरिकनांची 'स्नायपरस्कोप' ही अंधारात नेम धरण्याची दोन्ही उपकरणं बंदुकीवर अवरक्त दिवा बसवूनच चालत. तशीच दुर्बीण दुसऱ्या बाजूला आली, की तो दिवा म्हणजे निशाण्याची खूणच.

माझ्या मते रंगाचा वाद दुय्यम आहे. आधी पाहायचं ते किती उजेड, कुठल्या दिशेला आणि किती सेकंद. क्रिसियुनास आणि कॅरोना या अमेरिकन खगोल-अभ्यासकांनी हिशोब मांडला, की अंधाराला सरावलेल्या डोळ्याला मेणबत्तीची ज्योत साधारण अडीच किलोमीटरवरून दिसू शकते. आता ती ज्योत शंभरपट मंद करा. प्रकाश अंतराच्या वर्गाच्या प्रमाणात विरळ होतो, त्यामुळे दिसण्याचं अंतर शंभरपट घटत नाही, फक्त दहापट; म्हणजे अजूनही २५० मीटर. नुसत्या मंद दिव्यानं लपता येत नाही ते यामुळे. वरून टोपण, बाजूला आडोसा, दिव्याचं तोंड खाली आणि नकाशावर तळव्याएवढाच उजेड, हे हवंच.

बॅटरीचं गणित मात्र मंद दिव्याच्या बाजूनं जवळजवळ सरळ चालतं. जुन्या दोन सेलच्या टॉर्चमधला अडीच व्होल्ट, ०.३ अँपियरचा बल्ब पाऊण वॅट खातो आणि त्यातली बहुतेक ऊर्जा उष्णतेत घालवतो. नकाशापुरता उजेड देणारा एलईडी ३० मिलिवॅटमध्ये भागतो. एका चांगल्या डबल-ए सेलमध्ये सुमारे तीन वॅट-तास ऊर्जा धरली, तर तो शंभर तास चालला पाहिजे. पाठीवरच्या ओझ्यातला प्रत्येक सेल मोजून घेणाऱ्यासाठी हा फरक मोठा आहे.

सियाचीनला हे आकडे कोलमडतात. उणे ४० अंशांत साध्या अल्कलाइन सेलमधली रासायनिक क्रिया इतकी मंदावते, की सेल भरलेला असून मेल्यासारखा वागतो. तिथं लिथियमचे डबल-ए सेल लागतात. ते उणे ४०पर्यंत चालतात आणि वजनालाही हलके, १५ ग्रॅम विरुद्ध २३.

सेल नकोच असेल तर ट्रिशियम आहे. हायड्रोजनचं हे किरणोत्सारी भावंड काचेच्या बारीक नळीत भरतात. नळीला आतून स्फुरदीप्त लेप असतो, ट्रिशियममधून सुटणारे इलेक्ट्रॉन त्यावर आदळतात आणि नळी अखंड मंद उजळत राहते. हे इलेक्ट्रॉन इतके दुबळे, की काच ओलांडू शकत नाहीत. होकायंत्राची सुई, बंदुकीची माशी, घड्याळाचे काटे यांना एवढा उजेड पुरतो. नकाशा वाचायला नाही. बटण नाही, त्यामुळे तो बंदही करता येत नाही, झाकावा लागतो. ट्रिशियमचा अर्धायुकाल १२.३ वर्षं असल्यानं बाराएक वर्षांनी उजेड निम्मा होतो. असं होकायंत्र हातात घेताना आधी ते कुठल्या साली बनलं तेवढं पाहून घ्यावं.